'परस्पर' म्हणजे दोघांत की न विचारता?

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीतून आलेला प्रश्न. फलकावर सूचना होती : 'सभासदांनी पार्किंगच्या जागा परस्पर बदलू नयेत.' दोघा शेजाऱ्यांनी राजीखुशीनं जागा बदलल्या. सेक्रेटरींनी हटकल्यावर ते म्हणाले, "आम्ही एकमेकांना विचारूनच बदलल्यात, मग परस्पर कशा?" एकाच शब्दात 'एकमेक' आणि 'न विचारता' हे दोन्ही अर्थ कसे, असं विचारलंय.

संस्कृतात 'पर' म्हणजे दुसरा. दोन 'पर' जोडताना मधे 'स्' आला आणि 'एकमेक' हा अर्थ ठरला. पसायदानातलं 'भूतां परस्परे पडो मैत्र जीवाचें' याच अर्थाचं. बोलताना मात्र आपण 'एकमेक'च म्हणतो. 'आम्ही परस्परांना ओळखतो' म्हटलं की कोर्टात साक्ष दिल्यासारखं वाटतं.

रोजच्या बोलण्यातला 'परस्पर' वेगळाच. 'भावानं जमीन परस्पर विकली.' 'ऑफिसातून परस्पर लग्नाला गेलो', म्हणजे घरी न जाता. ठाणे-वाशी लोकल २००४ साली सुरू झाली तेव्हापासून ठाणेकर कुर्ल्याला न जाता परस्पर वाशीला पोचतो. ज्याला विचारायला हवं तो माणूस, किंवा जिथून जायचं ते ठिकाण, वगळलेलं असतं. 'परभारे' हा याचाच भाऊ. हिंदीतल्या 'परस्पर'ला ही छटा नाही, त्यामुळे मराठी माणसाची हिंदी इथे हमखास घसरते.

माझ्या मते दुसरा अर्थ पहिल्यातूनच निघाला असावा. दोघांनी आपसांत उरकलं की तिसरा आपोआप बाहेर राहतो. पुढे दोघांची अटही गळाली. जमीन विकणारा भाऊ एकटाच असतो, तरी 'परस्पर'च.

ओळखायचं कसं? 'परस्परांना', 'परस्परांवर' असं रूप असेल किंवा 'परस्परविरोधी', 'परस्परपूरक' असा समास असेल, तर अर्थ एकमेक. शब्द सुटा, क्रियापदाला लागून आला की बहुतेक वेळा 'न विचारता'. म्हणून 'परस्परसंमतीने घटस्फोट' जोडून लिहावं. 'कमिटीनं बिल्डरला परस्पर संमती दिली' हे पुनर्विकासातलं भांडण आहे, तिथे शब्द सुटेच हवेत.

तेव्हा सूचनेपुरते सेक्रेटरी बरोबर. शेजाऱ्यांनी एकमेकांना विचारलं, समितीला नाही. पुढच्या वेळी फलकावर सरळ 'समितीच्या लेखी परवानगीशिवाय' असं लिहावं.