जुन्या माउंटन बाइकचे झिजलेले भाग बदलताना सुरुवात कुठून करावी?

आपली सायकल 26 इंची चाकांची, पुढे तीन आणि मागे आठ गिअरची आहे. चढावर जोर दिला की चेन सटकते, रिमवर दाबणारे व्ही-ब्रेक नीट धरत नाहीत, आणि दुरुस्ती करायचीच आहे तर मागे दहा गिअर आणि नवा फोर्कही (पुढचे चाक धरणारा दुशाखी भाग) बसवून घ्यावा का, असे आपण विचारले आहे. माझे स्पष्ट मत असे की आठ गिअर तसेच ठेवावेत, फोर्कला तूर्त हात लावू नये आणि सगळा खर्च चेन, कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच), केबल, ब्रेक पॅड आणि टायर यांवरच करावा.

आधी चेन मोजावी. पेडलवर हलका दाब देऊन चेन ताठ धरावी, पोलादी पट्टीचा शून्य एका पिनेच्या मध्यावर ठेवावा आणि तिथून पुढे चोवीस पिना मोजाव्यात. नव्या चेनची चोविसावी पीन बरोबर 12 इंचांवर, म्हणजे 304.8 मिलिमीटरवर येते. चेन ताणली असे आपण म्हणतो खरे, पण तिच्या पट्ट्या लांबत नाहीत, तर पिना आणि त्यांच्याभोवतीची भोके झिजतात आणि प्रत्येक सांध्यातली ती केसाएवढी पोकळी पुढे साठत जाते. आठ गिअरच्या चेनमध्ये ही वाढ सव्वादोन मिलिमीटर झाली की चेन बदलावी. ती तीन मिलिमीटरच्या पुढे गेली असेल, तर कॅसेटही बहुधा बदलावी लागेल, कारण तिचे दाते त्या लांबलेल्या चेनबरोबरच झिजलेले असतात.

हे मी अनुभवावरून सांगतो. काही वर्षांपूर्वी मी कॅसेट तशीच ठेवून फक्त नवी चेन टाकली होती. पहिल्याच चढावर उभे राहून पेडल दाबले आणि चेन खाडकन सटकून माझा गुडघा हँडलवर आपटला. कॅसेट काढून पाहिली, तेव्हा रोजच्या वापरातल्या दोनच चकत्यांचे दाते एका बाजूला कलले होते, बाकीच्या जवळजवळ नव्यासारख्या होत्या. पण सटकायला त्या दोन पुरेशा होत्या. पुढच्या चेनरिंगचे, म्हणजे पेडलजवळच्या चकत्यांचे, दातेही याच नजरेने पाहावेत.

दहा गिअरच्या मोहात पडू नये असे मी म्हणतो, कारण ते काम कॅसेटपाशी थांबत नाही. शिफ्टर, म्हणजे हँडलवरचा गिअर बदलायचा खटका, प्रत्येक टप्प्याला किती केबल ओढतो ते प्रमाण बदलते, त्यामुळे शिफ्टर, मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) आणि चेन हे सगळेच बदलावे लागते. आठ गिअरचे भाग आजही नवे मिळतात. चढ जड जात असेल, तर 34 दात्यांची मोठी चकती असलेली आठ गिअरची कॅसेट घ्यावी. मात्र आपला डिरेलर एवढी मोठी चकती झेपवतो का ते आधी पाहावे आणि नव्या चेनची लांबी त्यानुसार ठेवावी.

ब्रेकसाठी आतली तार आणि बाहेरचे आवरण दोन्ही बदलावे. गिअर केबलचे आवरण ब्रेकला कधीही वापरू नये. त्यातल्या तारा लांबीच्या दिशेने सरळ असतात आणि जोरात ब्रेक दाबला की ते फाटू शकते. पॅड बदलताना रिमच्या कडेवर पट्टी उभी धरून पाहावी. मध्ये स्पष्ट खळगा दिसला तर ती कड पातळ झाली आहे, आणि तसा रिम टायरच्या हवेच्या दाबाने फुटू शकतो.

टायर घेताना त्यावरचा 559 हा आकडा, म्हणजे टायर रिमवर बसतो तिथला मिलिमीटरमधला व्यास, पाहावा. नुसते 26 इंच पाहून घेतलेला 590 चा टायर आपल्या रिमवर बसणार नाही.

राहिला फोर्क. नव्या फोर्कची फ्रेममध्ये जाणारी दांडी बहुधा खाली रुंद होत जाणारी असते, तर जुन्या फ्रेममध्ये सहसा 28.6 मिलिमीटरची सरळ दांडीच बसते. शिवाय बहुतेक नवे फोर्क फक्त डिस्क ब्रेकसाठी असतात, त्यामुळे पुढचे चाक आणि ब्रेकही बदलावे लागतात. फ्रेम 80 किंवा 100 मिलिमीटर दबणाऱ्या फोर्कसाठी बनली असेल, तर त्याहून बराच लांब फोर्क पुढची बाजू उचलतो आणि फ्रेमच्या पुढच्या जोडांवर जास्त ताण आणतो. जुन्या फोर्कमधून तेल गळत असेल, तर आधी त्याचे सील बदलून पाहावेत.