पेपर चांगला गेला, पण समजलं का?

प्रश्न: मी टीवायला (पदवीच्या तिसऱ्या वर्षाला) कॉग्निटिव्ह सायकॉलॉजी शिकवते. चॅप्टर संपला की लगेच क्लास टेस्ट घेते, मार्क मस्त पडतात. फायनलला मात्र तीच मुलं वर्किंग मेमरीवर (माहिती थोडा वेळ डोक्यात धरून तिच्यावर काम करायची क्षमता) चार ओळी लिहून थांबतात. कुठं चुकतंय?

उत्तर: टेस्ट घेताय ते बरोबरच आहे हो, वेळ चुकतीये. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग आठवा, काही मुलांनी उतारा दोनदा वाचला, काहींनी एकदाच वाचून मग न बघता आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तर दोनदा वाचणारे पुढे, ८१ टक्के, दुसरे ७५. आठवड्याने विचारलं तर पार उलटं, ४२ आणि ५६. तुमच्या टेस्टमधे ताजी आठवणच मोजली जातीये. ती टेस्ट राहू द्या, पण शिकवण्याचा भाग म्हणून, मार्क धरू नका. मार्कांची टेस्ट दोन-तीन आठवड्यांनी घ्या आणि तिच्यात मागच्या चॅप्टरचे दोन प्रश्न घुसवाच. मुलं कुरकुरतील, कुरकुरू देत.

प्रश्न: स्ट्रूपच्या प्रॅक्टिकलला (रंगाचं नाव वेगळ्याच रंगाच्या शाईत छापलेलं, सांगायचा शाईचा रंग, पण शब्द आपोआप वाचला जातो आणि अडखळायला होतं) निम्म्या जर्नलमधे मागच्या बॅचचा डेटा उतरवलेला असतो. व्हायवात कसं पकडायचं?

उत्तर: पकडायचं कशाला? डेटावर मार्क ठेवले की डेटा उतरवला जाणारच. 'स्ट्रूप इफेक्ट म्हणजे काय' हे तर सगळ्यांना पाठच असतं. मी विचारते, रंगांची नावं तमिळ लिपीत छापली आणि तमिळ वाचता न येणाऱ्या तुझ्या मावशीला शाईचा रंग सांगायला लावला, तर ती अडखळेल का? ज्याला कळलंय तो जरा थांबतो आणि म्हणतो नाही, तिच्याकडून ते शब्द वाचलेच जात नाहीयेत तर अडवणार कोण. पाठ केलेला १९३५ पासून, म्हणजे स्ट्रूपच्या मूळ पेपरपासून, सुरू करतो. मग पुढचा प्रश्न, मावशी तमिळ शिकली तर कधीपासून अडखळायला लागेल? याला ठरलेलं उत्तर नाही, कारण काय देतो ते ऐकायचं.

प्रश्न: मॅडम, एमसीक्यूमुळे चुकीचं उत्तर डोक्यात बसतं हे खरंय का? (विद्यार्थी)

उत्तर: थोडंफार खरंय, पण नंतर बरोबर उत्तरं सांगितली की बरंच कमी होतं, तेव्हा सरांकडे आन्सर की मागायचीच. आणि सरांनो, शॉर्ट टर्म मेमरीची क्षमता (एका वेळी किती गोष्टी लक्षात राहतात) विचारताना पर्यायांत ७ आणि ४ दोन्ही टाकत असाल तर कोणाच्या मते तेही लिहा, मिलर १९५६ (७) की कोवान २००१ (४), नाहीतर ज्याने जास्त वाचलंय त्याचाच मार्क जातो.