टाइप २ मधुमेह आहे, सकाळी कॉर्नफ्लेक्स चालतील का?
रोज नको. साधे कॉर्नफ्लेक्स फारसे गोड लागत नाहीत, तिथेच माणूस फसतो. कोंडा काढलेला मका शिजवून, लाटून, भाजलेला असतो. त्यातल्या स्टार्चचं पोटात झटकन ग्लुकोज होतं. ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे पदार्थ रक्तातली साखर किती झटकन चढवतो त्याचा आकडा, ८० च्या आसपास (ग्लुकोजचा १००). शिवाय सकाळी यकृतानेही साखर सोडलेली असते, त्यामुळे तोच वाडगा सकाळी जास्त नडतो.

ओट्स बरे, पण जाडे, शिजवावे लागणारे. झटपट मसाला ओट्स साखर लवकर चढवतात. म्युस्लीत मध, बेदाणे किती, ते पाकिटावर वाचा.

खायचेच तर ३० ग्रॅम काट्यावर मोजून घ्या (आपला नेहमीचा वाडगा सहज दुप्पट निघतो!), सोबत बदाम किंवा उकडलेलं अंडं. पहिल्या घासानंतर दोन तासांनी ग्लुकोमीटर लावा. वारंवार १८० च्या वर जात असेल तर डॉक्टरांना आकडे दाखवा.