थरचा विकास: रकाने पाडण्याआधी पाणी बघा

थरच्या वाळवंटाच्या विकासातल्या आर्थिक संधी एका रकान्यात आणि अडचणी दुसऱ्यात अशा मांडून हव्यात, असं तुम्ही विचारलंय. पण मग इंदिरा गांधी कालवा कुठे घालणार?

सतलज-बियासच्या संगमाजवळच्या हरिके बंधाऱ्यातून निघणाऱ्या या कालव्याचं काम १९५८ मध्ये सुरू झालं. मुख्य कालव्याच्या जैसलमेरकडच्या टोकाला पाणी पोचायला १९८७ उजाडलं. जिथे बाजरीसुद्धा पावसाच्या भरवशावर, तिथे गहू, मोहरी, कापूस उभा राहिला. पण राजस्थानातल्या लुणकरणसर, रावतसर या भागांत काही ठिकाणी थोड्या खोलीवर कठीण थर आहे. जास्तीचं पाणी त्याखाली मुरत नाही, साचत साचत वर येतं. ऊन ते शोषून घेतं आणि शेतात पांढरं मीठ फुलतं. तिथे याला 'सेम' म्हणतात. पाण्याअभावी ओसाड असलेली रानं पाणी आल्यावर पुन्हा ओसाड पडली.

सौरऊर्जेचंही तसंच. भडल्याचा सौर प्रकल्प २,२४५ मेगावॉटचा, जमीन १४ हजार एकरांच्या आसपास. ऊन फुकट, पण सोबत धूळही फुकट! पॅनलवर ती बसली की वीज घटते, आणि धुवायला पाणी आणायचं कुठून? म्हणून पाण्याशिवाय ब्रश फिरवणारे रोबो वापरले जातात. सफाईतला रोजगार तिथेच आटतो. त्यात सरकारी दप्तरात 'पडीक' लिहिलेली काही जमीन म्हणजे 'ओरण', गावांनी राखलेली देवराई. मेंढरं, उंट तिथेच चरतात. शिवाय माळढोक. जडशीळ पक्षी, समोरचं कमी दिसतं, विजेच्या तारांवर आदळून मरतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तारा जमिनीखाली घ्यायला सांगितलं, २०२४ मध्ये तो आदेश सैल केला. हा मुद्दा तुमच्या मांडणीत जरूर घ्या.

तेलाचं थोडक्यात सांगतो. बाडमेरचं मंगला क्षेत्र २००४ मध्ये सापडलं, उत्पादन २००९ पासून. तेल इतकं मेणचट की थंड झालं की गोठतं, म्हणून गुजरातकडे जाणारी वाहिनी सतत तापती ठेवावी लागते. पर्यटन मुख्यतः ऑक्टोबर ते मार्च. मे २०१६ मध्ये फलोदीत पारा ५१ अंशांवर गेला होता, तिथे उन्हाळ्यात कोण फिरकणार?

फारसं पाणी न मागणारी संधी हवी असेल तर गवार घ्या. तिच्या बियांचा डिंक अमेरिकेतल्या तेलविहिरींत खडक फोडायच्या द्रवाला घट्टपणा आणतो. २०१२ च्या सुमारास त्यासाठी अशी मागणी आली की कोरडवाहू शेतकऱ्याच्या हाती कधी नव्हे तो पैसा खुळखुळला. लगेच पेरा वाढला, तोही थरबाहेर पार आंध्रापर्यंत. वर्ष-दोन वर्षांत भाव कोसळले.