वाचकांचे प्रश्न : अणुयुद्धानंतरचा मठ

प्रश्न : वॉल्टर मिलर यांच्या ‘अ कँटिकल फॉर लायबोविट्झ’ या कादंबरीचे समीक्षकांनी कसे स्वागत केले?

उत्तर : १९५९ साली पुस्तकरूपाने आलेल्या या कादंबरीची सुरुवातीची परीक्षणे संमिश्र होती, तरी विज्ञानकथेकडे एरवी ढुंकूनही न पाहणाऱ्या नियतकालिकांनी तिची दखल घेतली आणि १९६१ मध्ये तिला विज्ञानकथेसाठी दिला जाणारा ह्यूगो पुरस्कार मिळाला. दुसऱ्या महायुद्धात इटलीतील माँते कॅसिनोच्या मठावरील बॉम्बहल्ल्यात मिलर स्वतः सहभागी होते, हे ध्यानात घेतले की अणुयुद्धानंतर ग्रंथ जपणारे मठवासी कथेच्या केंद्रस्थानी का आले ते उमजते. त्यांच्या पंथाचा संस्थापक, अणुयुद्धाच्या काळातला अभियंता लायबोविट्झ याने खरडलेली किराण्याची यादी हे साधू पवित्र अवशेष मानतात. एक जण तर त्याच्या विद्युत-आराखड्याची, अर्थ न कळताही, सोनेरी नक्षीसह नक्कल करण्यात वर्षानुवर्षे घालवतो. मिलर या श्रद्धेला कुठेही हिणवत नाहीत, म्हणून मला ही कादंबरी थोर वाटते.