घरी बांधायचा बॅटरीवरचा स्पीकर : वाचक विचारतात

शेतातला वाढदिवस, हुरडा पार्टी, लेझीमचा सराव, सोसायटीचं भजन अशा कामांसाठी उचलून नेता येईल असा स्पीकर घरी बांधण्याबद्दल सातारा-सांगलीकडून बरीच पत्रं आली. त्यांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. किमती मुद्दाम दिलेल्या नाहीत, त्या छापून होईपर्यंत शिळ्या होतात.

प्रश्न (विटा) : यूपीएसची १२ व्होल्ट ७ एएच (अँपिअर-अवर) बॅटरी, '१००+१०० वॅट' असं लिहिलेला टीपीए३११६ चिपचा ॲम्प्लिफायर (ॲम्प) बोर्ड आणि गाडीतून काढलेले दोन ८ इंची ४ ओहमचे वूफर जोडले आहेत. खोलीत बरं वाजतं, पण शेतात नेलं की आवाज पुरत नाही आणि वाढवला की फाटतो. बोर्ड बोगस निघाला का?

उत्तर : बोर्ड बहुधा चांगला आहे, त्याच्यावरचा आकडा तुमच्या बॅटरीला लागू नाही, एवढंच. अशा बोर्डातून न फाटता मिळणारे वॅट ढोबळमानाने असे काढायचे : व्होल्टेजचा वर्ग भागिले स्पीकरच्या ओहमची दुप्पट. १२ व्होल्ट आणि ४ ओहमला १४४ भागिले ८, म्हणजे एका चॅनलला १८ वॅट. प्रत्यक्षात त्याहून थोडे कमीच. स्पीकर ८ ओहमचे असते तर ९ वॅट. या चिपला तिच्या माहितीपत्रकानुसार ४ ओहमवर ५० वॅट द्यायला २१ व्होल्ट लागतात, आणि तेही चांगली हीटसिंक असेल तर. बोर्डावरचे १०० वॅट विसरून जा.

पण फक्त व्होल्टेज वाढवून तुमचं समाधान होणार नाही. १८ चे ६० वॅट केले तरी वाढ होते जेमतेम ५ डेसिबलची, कारण वॅट दुप्पट झाले की आवाज ३ डेसिबलनेच वाढतो. खरी गोम वूफरमध्ये आहे. गाडीचे वूफर जड कोनचे आणि बंद गाडीसाठी केलेले असतात, त्यांची संवेदनशीलता (एका वॅटमध्ये एक मीटरवर किती आवाज ते) बऱ्याचदा ८५ ते ८८ डेसिबलच असते. लाउडस्पीकरवाल्यांकडचा हलक्या कागदी कोनचा ८ इंची वूफर ९३-९५ चा मिळतो. ८७ च्या जागी ९४ चा वूफर बसवला तर त्याच १८ वॅटमध्ये आधीच्या ९० वॅटचा आवाज येतो. पैसे आधी इथे घालावेत.

आकडा वाचताना एक काळजी घ्या. तो '१ वॅट, १ मीटर' असा दिलाय की '२.८३ व्होल्ट, १ मीटर' असा, ते बघा. ४ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे २ वॅट होतात, त्यामुळे आकडा ३ डेसिबलने फुगलेला दिसतो.

१२ व्होल्टचे २४ करणारा बूस्ट कन्व्हर्टर लावू का, असंही तुम्ही पुढे विचारलं आहे. चालतो, पण आम्ही लावणार नाही. ढोलाच्या ठोक्याला तो बॅटरीतून दुप्पट करंट ओढतो, ७ एएचच्या बॅटरीचं व्होल्टेज तेवढ्यापुरतं खाली बसतं आणि ठोका दबतो. शिवाय लेड-ॲसिड बॅटरी दरवेळी निम्म्याच्या खाली उतरवली तर तिचं आयुष्य झपाट्याने कमी होतं.

प्रश्न (कराड) : लिथियमचा पॅक करायचा आहे. सेल कोणते, किती, आणि बीएमएस (सेलना जादा चार्ज-डिस्चार्जपासून वाचवणारं सर्किट) कोणता? जुन्या लॅपटॉपचे सेल चालतील का?

उत्तर : लॅपटॉपचे सेल नकोत. प्रत्येकाचं वय वेगळं, उरलेली क्षमता वेगळी. मालिकेतला सर्वांत अशक्त सेल आधी संपतो आणि बाकीचे त्याला ओढत राहतात. नवेच घ्या, एकाच खेपेचे.

वर सांगितलेल्या टीपीए३११६ बोर्डाची मर्यादा २६ व्होल्ट आहे. बाजारात '२४ व्होल्ट' म्हणून मिळणारा लिथियम आयर्न फॉस्फेट (पुढे नुसतं 'फॉस्फेट') पॅक ८ सेलचा असतो आणि पूर्ण चार्ज झाला की २९.२ व्होल्टला जातो. हा बोर्ड उडवण्याचा हमखास मार्ग. म्हणून मालिकेत ७ सेल घ्या. ३२७०० मापाचे, ३.२ व्होल्ट ६ एएचचे फॉस्फेट सेल. भरलेला पॅक २५.५५ व्होल्ट, चालताना साधारण २२.४. ऊर्जा १३४ वॅट-अवर, सेलचं वजन किलोभर. डी-क्लास ॲम्प आणि गाण्यांमधले चढउतार धरले तर जोरात वाजवूनही सरासरी १५-२० वॅटच जातात, म्हणजे सहा-सात तास सहज. लिथियम-आयनचे ६ सेल घेतले (भरल्यावर २५.२ व्होल्ट) तर पॅक हलका होतो. पण पत्र्याच्या शेडमध्ये, उन्हात उभ्या जीपमध्ये पडून राहणाऱ्या डब्यात फॉस्फेट बरा. बिघडला तरी तो आयनसारखा सहजी भडकत नाही.

बीएमएस मागताना '७ सेलचा' एवढंच म्हणू नका. दुकानात ७ सेलचा सहसा आयनचा असतो, २९.४ व्होल्टच्या चार्जरचा. तो फॉस्फेट सेलला ४.२ व्होल्टपर्यंत चढू देईल, आणि त्यांची मर्यादा आहे ३.६५. फॉस्फेटचाच, १५ ते २० अँपिअरचा, बॅलन्सिंग (सगळे सेल सारखे भरण्याची सोय) असलेला बीएमएस लागेल. चार्जरही २५.५ व्होल्टचा, लिथियमसाठी केलेला, २ ते ३ अँपिअरचा. साधा २४ व्होल्टचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) म्हणजे चार्जर नव्हे, आणि बीएमएस हाही चार्जर मुळीच नव्हे. तो फक्त शेवटचा पहारेकरी.

जोडण्याआधी सगळे सेल समांतर जोडून ३.६५ व्होल्टवर लावलेल्या पॉवर सप्लायने पूर्ण भरून घ्या. ही पायरी लोक टाळतात. फॉस्फेट सेलचं व्होल्टेज मधल्या सगळ्या पल्ल्यात ३.२-३.३ च्या आसपासच राहतं, त्यामुळे मीटर सारखं दाखवतो आणि प्रत्यक्षात एक सेल ३० टक्के, दुसरा ७० टक्के भरलेला असू शकतो. मग पॅक कधीच पुरा भरत नाही आणि बीएमएसला दोष दिला जातो.

सेलवर थेट सोल्डर करू नका, उष्णतेने आतलं सील जातं. निकेलची पट्टी स्पॉट वेल्डिंगने लावा. ई-बाइकच्या बॅटऱ्या दुरुस्त करणारे हे काम करून देतात. बीएमएसच्या बारीक वायरी लावल्या की प्लग खोचण्याआधी मीटर धरा : काळ्यापासून मोजत गेलं की ३.३, ६.६, ९.९ असं चढत २३ च्या वर पोचलं पाहिजे. एखादी वायर अदलाबदल झाली असेल तर इथेच कळतं, नाहीतर बीएमएसच्या धुराने कळतं.

बॅटरीच्या प्लसवर, पॅकपासून बोटभर अंतरावर, गाडीतला १० अँपिअरचा पात्याचा फ्यूज. मुख्य वायर २.५ चौरस मिमी. आणि उलटा बसणारच नाही असा एक्सटी६० कनेक्टर, कारण प्लस-मायनस उलटं झालं तर स्वस्त बोर्ड दुसरी संधी देत नाही.

प्रश्न (मिरज) : ब्लूटूथ मॉड्यूल त्याच बॅटरीवर लावलं की गाण्यामागे सतत 'सुंऽऽ' आणि मध्येच टकटक येते. मॉड्यूल बदलून पाहिलं, फरक नाही.

उत्तर : मॉड्यूल झटक्याझटक्याने करंट घेतं. तो करंट आणि गाण्याचा सिग्नल ॲम्पपर्यंत एकाच मायनस वायरीतून जातात, त्यामुळे ॲम्प दोन्ही मोठं करतो. खात्री करायची तर मॉड्यूल घटकाभर वेगळ्या पॉवर बँकेवर चालवा. आवाज गेला तर निदान पक्कं. उपाय : बॅटरीवरून एलएम२५९६ या व्होल्टेज उतरवणाऱ्या कन्व्हर्टरने ५ व्होल्ट करा, त्यापुढे बी०५०५एस हा आयसोलेटेड (आत-बाहेरच्या वायरी एकमेकींना न जोडलेला) कन्व्हर्टर लावा आणि त्यावर फक्त ब्लूटूथ. हा १ वॅटचा, म्हणजे २०० मिलिअँपचा आहे. त्याच्यावर एलईडीची माळ किंवा पेनड्राइव्ह लटकवू नका. मॉड्यूलचा मायनस ॲम्पच्या इनपुट ग्राउंडलाच जाऊ द्या, दुसरीकडे कुठेही नाही.

जाता जाता : या बोर्डांवर दोन्ही स्पीकरच्या मायनस वायरी एकत्र करायच्या नसतात, बॅटरीच्या मायनसला तर नाहीच. त्या दोन्ही वायरींवर सिग्नल असतो. जुन्या टेपची सवय असलेल्यांकडून इथे बोर्ड जळतात.

प्रश्न (वाई) : खोका कशाचा आणि केवढा? आमच्याकडे पावसाळ्यात एमडीएफ फुगतो.

उत्तर : मग एमडीएफ नकोच. १२ मिमी वॉटरप्रूफ प्लाय, मध्ये एक आडवी पट्टी ठोकून. १८ मिमीचा खोका घट्ट होतो, पण उचलणाऱ्याला विचारा. एका ८ इंची वूफरला आतून २७ × २८ × ३७ सेंमी घ्या. हे २८ लिटर होतात. वूफर, नळी (बेस वाढवण्यासाठी खोक्याला ठेवलेलं हवेचं तोंड) आणि पट्टी यांची जागा वजा जाता २५ उरतात. नळीसाठी ७५ मिमीचा पीव्हीसी पाइप. हे माप बाहेरचं असतं, आतून साधारण ७० मिमी भरतो. लांबी १० सेंमी ठेवली की खोका ५५ हर्ट्झच्या आसपास बोलतो. नळीच्या आतल्या तोंडापासून मागची फळी किमान ७ सेंमी लांब हवी. वूफरचं माहितीपत्रक नसेल तर नळीच्या भानगडीत न पडता खोका बंदच ठेवा. नळी असली की फोनमधला बेस बूस्ट बंद : ५५ च्या खाली कोनला हवेचा आधार राहत नाही आणि तो नुसता फडफडतो.

ट्वीटरला (उंच स्वरांच्या छोट्या स्पीकरला) मालिकेत ४.७ मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर कपॅसिटर. ८ ओहमच्या ट्वीटरला तो ४,२०० हर्ट्झच्या वरचंच पोचवतो. बॅटरी आणि ॲम्प वेगळ्या कप्प्यात ठेवा, त्या कप्प्याला मागून भोकं ठेवा. फळीतून वायरी जातात ती भोकं मात्र सिलिकॉनने बंद, नाहीतर तिथून शिट्टी वाजते.

प्रश्न (तासगाव) : भजनासाठी माइक थेट ऑक्समध्ये लावला, काहीच ऐकू येत नाही.

उत्तर : माइक काही मिलिव्होल्ट देतो, ऑक्सला त्याच्या शेकडो पट लागतात. मध्ये माइक प्रीॲम्प किंवा ५ व्होल्टवर चालणारा छोटा मिक्सर घ्या. ब्लूटूथ माइक नको. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येतो आणि ताल सुटतो.

प्रश्न (कोरेगाव) : किती वाजेपर्यंत वाजवता येतो?

उत्तर : उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ बंद. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम डीजेला लागू तसे तुमच्या डब्यालाही. सार्वजनिक जागी दिवसाही लेखी परवानगी लागते. निवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, आणि ९४ चा वूफर एका वॅटमध्ये एक मीटरवर किती देतो ते वर आलंच आहे.

प्रश्न (सांगली) : गणपतीनंतर स्पीकर माळ्यावर ठेवला, दिवाळीला काढला तर पॅक मेलेला. स्विच तर बंद होता.

उत्तर : स्विच ॲम्पच्या वायरीवर असेल आणि ५ व्होल्टचा कन्व्हर्टर त्याच्या आधीच जोडलेला असेल. एलएम२५९६ नुसता बसूनही ५ मिलिअँपच्या आसपास खातो; ६ एएचचा अर्धा भरलेला पॅक तो महिन्याच्या आत संपवतो. स्विच फ्यूजच्या लगेच पुढे हलवा, म्हणजे बीएमएस सोडून सगळं तुटेल. ठेवताना पॅक पूर्ण भरा, तीन तास वाजवा आणि मग बंद करा. दर दोन-तीन महिन्यांनी एकदा थोडा चार्ज करा. आत्ताच्या पॅकमधला प्रत्येक सेल मोजा. २ व्होल्टच्या खाली पडून राहिलेला सेल पुन्हा चार्ज करू नका. ई-कचऱ्यात द्या, आणि नवा सेल घालताना वरच्यासारखेच सगळे समांतर जोडून आधी भरून घ्या.