सात ठिपक्यांचं सोंग

प्रश्न : बेंगळुरूजवळच्या झुडपी रानात, पहिल्या पावसानंतर, संध्याकाळी पालापाचोळ्यात पांढऱ्या ठिपक्यांचा काळा कीटक दिसला. फोटो पाठवते आहे. मी म्हणते भुंगेरा, मुलगा म्हणतो झुरळ. झुरळ इतकं देखणं असतं का हो?
– एक वाचक, बेंगळुरू

उत्तर : असतं की! फोटोत पाठीवर सात ठिपके स्वच्छ दिसतात. हे डॉमिनो झुरळ, थेरिया पेटिव्हेरियाना. पैज मुलाने जिंकली. पण तुम्हीही चांगल्या संगतीत आहात. सजीवांच्या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या खुद्द लिनिअसने याला कॅसिडा या भुंगेऱ्यांच्या गटात घातलं होतं.

ज्याच्याशी गल्लत होते तो सहा ठिपक्यांचा भुंगेरा, अँथिया सेक्सगटाटा. पण घाईत ठिपके कोण मोजणार? पाठीची मधली रेघ बघा. भुंगेऱ्याचे कडक पंख मधोमध सरळ रेषेत जुळतात. झुरळाचा एक पंख दुसऱ्यावर चढतो, म्हणून तुमच्या फोटोत एका बाजूला चार ठिपके आणि दुसरीकडे तीनच. झाकलेल्या भागात एक नारिंगी ठिपका दडलेला असतो, तो पंख उघडल्यावरच दिसतो. मग डोकं बघा. भुंगेरा पक्का शिकारी, त्याचे जबडे पुढे आलेले. झुरळाचं डोकं वरून पाहिलं तर ढालीसारख्या कवचाखाली लपलेलं.

हे सोंग कशासाठी? भुंगेरा डिवचला की मागून फॉर्मिक आम्लाचा फवारा मारतो. एकदा पोळलेला पक्षी तसल्या ठिपक्यांच्या वाटेला पुन्हा जात नाही, आणि त्या धास्तीचा फायदा झुरळाला मिळतो, असा अभ्यासकांचा कयास आहे. मला तो पटतो.

भुंगेऱ्याला अळी आणि कोष या अवस्था असतात. झुरळाला कोष नाही. पिल्लं मातीत कात टाकत वाढतात.

याला औषध मारू नका. झुरळांच्या ४,५०० च्या आसपास जातींपैकी जेमतेम ३० माणसाच्या आसऱ्याला येतात (बदनामी मात्र साऱ्या कुळाची!), आणि हे त्यांतलं नव्हे. मुलाला एवढं बजावा, की मधली रेघ सरळ दिसली तर तोंड जवळ न्यायचं नाही. फवारा डोळ्यात गेलाच तर लगेच भरपूर पाण्याने डोळा धुवा आणि डॉक्टरांना दाखवा.